कुसुमताई तुकडे करतात

कुसुमताईंच्या घरात कॉम्प्युटरचा माउस देवघराशेजारच्या खिळ्याला टांगलेला असतो. शेपटीचा फास करून. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला वाटलं, दृष्ट लागू नये म्हणून बाईंनी लिंबू-मिरचीऐवजी काहीतरी नवीन काढलंय. तसं मी विचारलंही.

"दुकानदारानं संगं देला म्हणून आणला," कुसुमताई म्हणाल्या. "चांगली वस्तू फेकून तं देता येत नाई. राह्यला बिचारा लटकून."

"मग कॉम्प्युटर चालवता कसा?"

"हुकूम देऊन."

हे त्यांनी अशा आवाजात सांगितलं की मी खुर्चीत जरा सावरून बसलो.

कुसुमताई छत्तीस वर्षं अकोल्याला कोर्टात टायपिस्ट होत्या. वय अडुसष्ट, अंगकाठी तुरीच्या काडीसारखी, आणि नजर अशी की आपण बोलताना कुठे स्वल्पविराम चुकवला तेही त्यांना दिसतं. जठारपेठेत आमच्या घरापासून तिसरं घर त्यांचं. एकट्या राहतात. लग्न केलं नाही. का केलं नाही, हे विचारायची हिंमत आमच्या गल्लीत एकाच माणसाने केली होती. त्याला त्या म्हणाल्या, "अर्ज करा, पाहू." तो बिचारा पुढे महिनाभर दुसऱ्या गल्लीने जात असे.

कोर्टात पहिल्यांदा कॉम्प्युटर आले तेव्हा नुसता काळा पडदा आणि त्यावर पांढरी अक्षरं असत. ते कुसुमताईंना पटलं. लिहायचं, एंटर मारायचा, काम व्हायचं. पुढे पडद्यावर चित्रं आली, माउस आला आणि त्यांचं मन उडालं. "चित्रावर बोट ठेवून मागणं हे लेकराचं काम हाय, सर. मोठ्या माणसानं शब्दानं मागावं." निवृत्तीनंतर त्यांनी स्वतःचा कॉम्प्युटर घेतला आणि व्हिडिओ तोडायला शिकल्या, तेही काळ्या पडद्यावरच. ज्या हत्याराने तोडतात त्याचं नाव एफएफएमपेग. मी चौतीस वर्षं कॉलेजात मराठी शिकवलं, पण हे नाव मला आजही एका दमात म्हणता येत नाही. त्याला ना चित्र, ना बटण. एक ओळ लिहायची: अमुक फाइल घे, इथून इथपर्यंत तोड, तमुक नावाने ठेव. त्याची माहितीची दीडशे-एक पानं त्यांनी छापून आणली, डाव्या बाजूला भोकं पाडून लाल सुतळीने बांधली आणि निकालपत्र वाचावं तशी लाल पेन्सिल घेऊन वाचून काढली.

तेव्हापासून गल्लीतली लग्नं, बारशी, शाळेची गॅदरिंगं आणि भजनी मंडळाचे कार्यक्रम तुकडे व्हायला कुसुमताईंकडे जातात. मोबदला काही नाही. मात्र लेखी अर्ज लागतो. कोणत्या फाइलचा कोणता भाग हवा, सुरुवात किती तास, किती मिनिटं, किती सेकंद, शेवट किती, सगळं सुवाच्य अक्षरात. तोंडी सांगितलेलं त्या ऐकूनही घेत नाहीत. "मशीनले हुकूम स्पष्ट लागते. माणसाले नसला तरी चालते. माणूस अंदाज करते, मशीन करत नाई."

एकदा पातूरकडच्या एका फुलवाल्यांच्या घरचं लग्न त्यांच्याकडे आलं. त्यात मानपानावरून दोन्ही व्याह्यांचं चांगलं सत्तावीस मिनिटं वाजलं होतं आणि कॅमेरावाल्याने ते इमानदारीने टिपलं होतं. मुलाचे वडील म्हणाले, "ताई, तेवढं पुसून टाका." कुसुमताईंनी पेन्सिल खाली ठेवली. "तोडून देईन. पुसत नाई. पुरावा हाय थो." पुढे वर्षभराने तेच दोन व्याही एका मोटारसायकलवर बसून आले आणि तो सत्तावीस मिनिटांचा तुकडा मागून घेऊन गेले. आता म्हणे दिवाळीला दोन्ही घरची माणसं एकत्र बसून तो पाहतात आणि हसून हसून लोळतात.

माझी आणि त्यांची गाठ पडली ती माझ्या मोठेपणामुळे. म्हणजे मला जो मोठेपणा वाटत होता त्याच्यामुळे.

मी निवृत्त झालो तेव्हा कॉलेजात माझा निरोप समारंभ झाला. त्याचं शूटिंग झालं. फाइल निघाली दोन तास सत्तेचाळीस मिनिटांची. ती मला सगळ्या नातेवाइकांना व्हॉट्सॲपवर पाठवायची होती. एवढी मोठी फाइल जाईना. हैदराबादच्या मुलाला फोन केला तर तो म्हणाला, "बाबा, महत्त्वाचं तेवढं ट्रिम करा ना." आता त्याला काय सांगू, की मला सगळंच महत्त्वाचं वाटत होतं. मग मी इंटरनेटवरून कसलंतरी फुकटचं सॉफ्टवेअर उतरवलं. त्याने व्हिडिओ तोडला खरा, पण माझ्या कपाळावर या टोकापासून त्या टोकापर्यंत 'विकत घ्या' असं इंग्रजीत छापून दिलं. अख्ख्या सत्कारात मी विक्रीला ठेवलेला.

माझी बायको सुनंदा हे सगळं शांतपणे पाहत होती. ती म्हणाली, "कुसुमताईकडे काहून जात नाई तुमी?"

गेलो. अर्ज नेला. 'महोदया, माझ्या गौरव समारंभातील निवडक क्षण' वगैरे लिहून, चांगला पानभर. दुसऱ्या दिवशी तो परत आला. खाली लाल पेन्सिलीने लिहिलं होतं: 'नामंजूर. कारण: वेळ लिहिली नाही. विशेषणं जास्त.'

मग मी वही घेऊन माझाच समारंभ पाहायला बसलो. कोणाही वक्त्याला शिक्षा करायची असेल तर ही करावी. माझी अशी पक्की समजूत होती की मी पंधरा मिनिटं बोललो. बावन्न मिनिटं बोललो होतो. त्यात 'खरं म्हणजे' हे शब्द सत्तर वेळा आले आणि बहुतेक वेळा त्यांच्यापुढे जे आलं ते खरं नव्हतं. चाळिसाव्या मिनिटाला तिसऱ्या रांगेतला एक प्राध्यापक झोपेत कलला आणि शेजाऱ्याच्या खांद्यावर स्थिरावला. शेजारीही झोपलेला असल्यामुळे दोघांना एकमेकांचा आधार मिळाला.

दोन दिवसांनी मी नऊ तुकड्यांचा, सेकंदासकट, बिनविशेषणांचा अर्ज घेऊन गेलो. कुसुमताईंनी तो वाचला, 'मंजूर' लिहिलं आणि कॉम्प्युटरसमोर बसल्या. खाली न पाहता दहाही बोटं चालली. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी भराभर वर सरकल्या आणि थांबल्या.

"झालं," त्या म्हणाल्या.

"एवढ्यात?"

"चार सेकंद."

चौतीस वर्षांच्या नोकरीचे चार सेकंदांत नऊ तुकडे झालेले पाहून माणसाला कसं वाटतं, ते मी सांगू शकणार नाही.

"तुमाले आधी एक इचारते," त्या म्हणाल्या. "मी आता हे नुसतं तोडलं. आतल्याले हात लावला नाई. लवकर होते, चित्र खराब होत नाई. पण काप बरोबर तुमच्या सेकंदावर बसंल असं नाई, थोडं मागून सुरू होते. बरोबर सेकंदावरच पायजे असंल तं पुरं पुन्हा शिजवा लागते, एकेक चित्र नव्यानं करून. अर्धा-पाऊण तास लागंल. सांगा."

"नाही नाही, हेच द्या," मी म्हणालो. घरी जायची घाई होती. एकशे चाळीस माणसं वाट पाहत होती, असं मला वाटत होतं.

मी तुकडे घरी नेले आणि न पाहता धडाधड सगळ्यांना पाठवून दिले. पहिला फोन नागपूरच्या साडूचा आला. त्याला हसू आवरत नव्हतं. पाचव्या तुकड्यात प्राचार्यांनी माझा 'व्रतस्थ ज्ञानतपस्वी' म्हणून उल्लेख केला होता आणि मी तो तुकडा नेमका 'व्रतस्थ' या शब्दापासून मागितला होता. तो चार सेकंद आधीपासून सुरू झाला. त्या चार सेकंदांत प्राचार्य माइक चालू आहे हे विसरून शेजारच्यांना विचारत होते, "यांचं आटोपल्यावर लगेच जेवण आहे ना?" आणि मग, घसा खाकरून, "व्रतस्थ ज्ञानतपस्वी..."

मी तणतणत कुसुमताईंकडे गेलो. त्यांनी ऐकून घेतलं. "सर, मशीन पुरं चित्र जिथं असते तिथूनच तोडते. मधातले चित्रं अर्धे राह्यतात, मागच्याच्या भरवशावर. म्हणून मागं जाऊन धरते ते. मी इचारलं होतं तुमाले." मग म्हणाल्या, "अन् जेवण होतं का लगेच?"

"होतं," मी म्हणालो.

त्या पहिल्यांदा हसल्या. मलाही हसू आलं. त्याच भरात मी म्हणून गेलो, की ताई, मलाच शिकवा ना हे.

तशी माझी शिकवणी सुरू झाली. रोज दुपारी चार वाजता मी वही-पेन घेऊन जात असे. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वह्या तपासलेल्या माणसाच्या वहीवर लाल पेन्सिल फिरू लागली. मी एका बोटाने टाइप करतो, तेही अक्षर शोधून. कुसुमताई मागे उभ्या राहून म्हणत, "सर, थो 'एस' कालपासून तिथंच हाय. जागा नाई बदलत." एकदा आडवी रेघ द्यायची तिथे मी दोन दिल्या. मशीनने अर्धं पान इंग्रजीत झापलं. मी घाबरून हात मागे घेतला. "वाचा," कुसुमताई म्हणाल्या. "ते काय म्हणून राह्यलं ते वाचा. लोक वाचत नाईत, नुसते भितात."

हे वाक्य मी वहीत उतरवून घेतलं होतं. उपयोग काहीच झाला नाही, कारण चौथ्या दिवशी मी तेच केलं जे करायचं नव्हतं.

त्या दिवशी मी माझ्या मुलीच्या लग्नाचा व्हिडिओ पेनड्राइव्हवर नेला होता. त्यातला सप्तपदीचा तुकडा मला स्वतः तोडायचा होता. कुसुमताई चहा ठेवायला आत गेल्या. मी एकट्याने, कुणाच्याही मदतीशिवाय, पूर्ण हुकूम टाइप केला. घ्यायची फाइल, सुरुवात, शेवट, सगळं. ठेवायचं नाव दिलं, लग्न. एंटर मारला.

पडद्यावर एक प्रश्न आला. या नावाची फाइल आधीच आहे, तिच्यावर लिहू का? हो की नाही?

मी आयुष्यभर कॉलेजच्या कारभारात वरून आलेल्या प्रश्नाला 'हो' म्हणत आलो. त्याने कधी कुणाचं नुकसान झालं नव्हतं. निदान माझं तरी. मी 'हो'चं अक्षर दाबलं. ओळी सरसर वर गेल्या आणि थांबल्या.

"ताई, जमलं!" मी ओरडलो.

कुसुमताई हात पुसत बाहेर आल्या. पडद्यावरच्या ओळी त्यांनी खालून वर वाचत नेल्या. एका ओळीशी थांबल्या.

"सर, नाव कोणतं देलं?"

"लग्न."

"त्या नावाची माझी फाइल होती."

"मग? ती कुठे गेली?"

"कुठी जाईन? त्याच्यात आता तुमच्या पोरीचं लगन हाय."

चौतीस वर्षं मी पोरांना सांगत आलो, की 'मले' नाही, 'मला' म्हणा. त्या क्षणी माझ्या तोंडून जे निघालं ते असं: "मले काय मालूम व ताई!"

"ते इचारत होतं ना, सर."

त्या खुर्चीत बसल्या. हात मांडीवर ठेवले. मी त्यांचे हात असे रिकामे कधी पाहिले नव्हते. मी म्हणालो, दुकानात नेऊ, कुणी काढून देईल, हल्ली सगळं परत मिळतं. त्यांनी मान हलवली. "एका अक्षरावर दुसरं अक्षर मारलं तं पहिलं वाचता येते का? तुमी त्याच्या वरून लिहिलं." मग एकदम उठल्या, "चहा उतू जाईन," म्हणाल्या आणि आत गेल्या.

चहा आणला. आम्ही प्यालो. त्या रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. मी विचारलं, कोणाचं लग्न होतं?

"माझ्या भाच्याचं. अमरावतीचं. सत्तावीस वर्षं झाले."

"कॅसेट असेल ना?"

"कॅसेट केव्हाच गेली. त्याच्यावरून हे एकदा उतरवून घेतलं होतं. तुकडे करून माझ्या मोठ्या बहिणीले, ताईले देले होते एका पेनड्राइव्हवर, पण परवाच तिच्या सुनेचा, रंजनाचा फोन होता, टीव्हीत लागूनच नाई राह्यला म्हणे." कप उचलत त्या म्हणाल्या, "आज शिकवणी इथंच थांबवू, सर."

घरी येऊन सुनंदाला सांगितलं. तिने भाजी निवडता निवडता ऐकलं आणि एकच विचारलं, "पोरांले परीक्षेत काय सांगत होते तुमी? आधी प्रश्न नीट वाचा म्हणून ना?"

मी समोरची एक जुडी निवडायला घेतली.

"रविवारी त्या अमरावतीले जातात. संगं जा. तो लॅपटॉप पडला हाय ना घरी, तो घ्या. अन् तिथं कोणत्याच गोष्टीले 'हो' म्हणू नका."

रविवारी सकाळी सातच्या एसटीत मी कुसुमताईंच्या शेजारी बसलो होतो. मांडीवर लॅपटॉपची पिशवी, तिच्यावर दोन्ही हात, एखाद्या नव्या जावयासारखा. त्यांच्या मांडीवर स्टीलचा डबा होता, कोथिंबिरीच्या सांभारवडीचा. मूर्तिजापूरला गाडी थांबली तेव्हा मी उतरून दोन चहा आणले. तो घेताना त्या आपणहून बोलायला लागल्या.

ताई म्हणजे त्यांची मोठी बहीण, विमलताई. नऊ वर्षांनी मोठी. आई लवकर गेली म्हणून कुसुमताई बहिणीच्या सासरी, भातकुलीला वाढल्या. घर शेतीचं, माणसं भरपूर. कुसुमताईंना टायपिंग शिकायचं होतं. क्लास अमरावतीला. सासू म्हणे, पोरीच्या जातीला मशीन कशाला?

"मंग ताईनं काय केलं," कुसुमताई म्हणाल्या, "सासूले सांगतलं, कुसुमले छातीत दुखते, डॉक्टरनं रोज बोलावलं. सहा महिने मी रोज दवाखान्यात गेली, सर. क्लास सुटला का बसनं वापस. सासू इतकी भ्याली, मले रोज दूध देत होती. परीक्षा पास झाली अन् अकोल्याले नोकरी लागली, तवा सासूनं त्या डॉक्टरचं नाव इचारलं. म्हणे लय गुण हाय त्याच्या हाताले."

मी इतका हसलो की चहा पिशवीवर सांडला. त्यांनी पदराने पिशवी पुसली.

"ताईचं अलीकडं थोडं इसरणं चालू झालं," त्या म्हणाल्या आणि खिडकीबाहेर पाहायला लागल्या. गाडी सुटली.

अमरावतीला राजापेठेत भाच्याचं घर. भाचा कामानिमित्त गावाला गेलेला होता. दार त्याच्या बायकोने, रंजनाने उघडलं. आत दिवाणावर विमलताई बसल्या होत्या. धुतलेलं सुती पातळ, विंचरलेले केस, कपाळावर ठसठशीत कुंकू. आमच्याकडे पाहून त्यांनी मोठ्या अगत्याने हात पुढे केला.

"या, या, बसा. पाणी दे व यायले."

कुसुमताई वाकून त्यांच्या पाया पडल्या.

"सुखी राहा," विमलताई म्हणाल्या. "कोणाच्या तुमी, बाई?"

"मी व्हिडिओवाली," कुसुमताई म्हणाल्या. "टीव्ही लावाले आली."

मला वाटलं, दोघी बहिणींची थट्टा चाललीय. मी हसलोसुद्धा. शब्दांचा अर्थ सांगणं हा माझा चौतीस वर्षांचा धंदा, पण या दोन वाक्यांचा अर्थ लागायला मला मिनिटभर लागलं. तोवर माझं हसू तोंडावर तसंच राहिलं होतं. त्याचं काय करावं ते मला कळेना.

कुसुमताई टीव्हीच्या मागे गेल्या. पेनड्राइव्ह काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला. काही नाही. दुसऱ्या खोबणीत घातला. काही नाही. तिसऱ्यांदा त्यांनी तो घालून बोटाने जरा दाबून धरला आणि पडद्यावर यादी उमटली. एक, दोन, तीन, चार... नुसते आकडे.

"लॅपटॉप काढा, सर. आधी उतरवून घेऊ."

लॅपटॉप मी चालवावा असा त्यांचाच हुकूम होता. एंटर मारण्याआधी त्यांनी मला सगळं मोठ्याने वाचायला लावलं. कुठून घेताय? कुठे ठेवताय? त्या नावाचं तिथे आधी काही आहे का? तीनदा वाचलं. मग कामाला लागलो. एकसष्ट तुकड्यांपैकी अठ्ठावन्न निघाले. तीन काही केल्या उघडेनात. एकेक तुकडा तीन मिनिटांचा, म्हणजे नऊ मिनिटं गेली.

"कशाचे आहेत ते तीन?"

त्यांनी आकडे पाहिले. त्यांना सगळं पाठ होतं. "पंगतीचे. बुंदी वाढून राह्यले होते." त्यांनी पेनड्राइव्ह काढून पुन्हा टीव्हीला लावला. "असू द्या. लोक जेवले होते, सर. बाकीचं जोडता येते घरी."

मी पाणी प्यायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेलो. रंजनाला हळूच विचारलं, की ताईंनी एवढे बारीक बारीक तुकडे कशाला केले?

"आईंचं ध्यान तेवढंच राह्यते, काका," ती म्हणाली. "तीन मिनिटं. त्याच्यावर गेलं का उठतात, चाला घरी म्हणतात, दार धरतात. आधी पुरं लावत होतो आमी. अर्ध्यातून उठल्या का लय घाबरत होत्या. मंग मावशीनं दोन महिने घड्याळ घेऊन मोजलं. आता तुकडा संपला का त्याईले वाटते, लगन पाहून झालं. खुश राह्यतात. मंग दुसरा लावाचा." भांडं विसळत ती म्हणाली, "हरेक रविवारी येते मावशी. एक रविवार नाई चुकवला."

बाहेर येऊन मी खुर्चीवर बसलो. माझं बावन्न मिनिटांचं भाषण आठवलं.

टीव्हीवर मांडव दिसत होता. नवरी पाटावर बसली होती, मान खाली.

"पोरगी चांगली हाय," विमलताई म्हणाल्या. "कोणाची हाय?"

"तुमचीच सून हाय ना, आई," रंजना मागून म्हणाली.

"हो का? नशीब काढलं आमच्या पोरानं."

रंजना पदर तोंडाला लावून आत गेली. हसत होती की काय, मला कळलं नाही. कुसुमताईंनी पुढचा तुकडा लावला. मांडवात गर्दी होती आणि त्या गर्दीतून हिरव्या साडीतली एक बाई अक्षतांचं ताट घेऊन तरातरा इकडून तिकडे चालली होती. बारीक अंगकाठी, केसांत अबोलीचा गजरा. कुणाला तरी हाताने बसवत होती, कुणाला तरी उठवत होती.

विमलताई एकदम पुढे झुकल्या. अख्खा चेहरा उजळला.

"हे पाहा, हे आमची कुसुम! पाह्यली का? कोर्टात हाय अकोल्याले. इंग्रजी टायपिंग करते."

"हो का?" कुसुमताई म्हणाल्या.

"मंग! खाली पाहत नाई टाइप करतानी. लय हुशार हाय. पण स्वतःचं ध्यान नाई तिले. साऱ्यायले वाढते अन् उपाशी राह्यते. पाहा, पाहा, अजून धावूनच राह्यली."

"जेवली असंल," कुसुमताई म्हणाल्या.

"नाई जेवत थे. मले मालूम हाय."

तुकडा संपला. पडदा काळा झाला. विमलताई क्षणभर त्या काळ्या पडद्याकडे पाहत राहिल्या, मग त्यांनी मान वळवून दाराकडे पाहिलं. तिथे कुणी नव्हतं. त्या कुसुमताईंकडे वळल्या आणि काळजीच्या आवाजात विचारलं, "बाई, आमची कुसुम काहून नाई आली अजून?"



कुसुमताई सरकून त्यांच्या जवळ बसल्या. दोन्ही हातांत त्यांचा हात घेतला. "येऊन राह्यली व ताई," त्या म्हणाल्या. "बसमधी हाय. मूर्तिजापूर सुटलं असंल."

"मंग त्या पोरीले भात टाकाले सांग. भुकेली येईन."

कुसुमताईंनी स्वयंपाकघराकडे तोंड केलं. आवाज अगदी नेहमीचा, कोर्टातला, स्पष्ट.

"रंजना, भात टाक व. कुसुम येऊन राह्यली."